नाव काढल्यावर

नावं हेथिन काढतो.
माझं काम त्याच्या पुढचं :
नाव काढूनही माणूस उरतोच,
तो काढायचा.

तोर्शाव्हनमध्ये, इस्पितळामागच्या इमारतीत दुसरा मजला.
नाव आणि आकडा यांची जोडी दुसऱ्याच संगणकात,
त्या खोलीची किल्ली हेथिनकडे.
त्याला आजार दिसत नाहीत, मला नावं दिसत नाहीत.
दुपारी एकत्र जेवतो,
बोलतो मात्र धुक्याबद्दल.

जन्मतारखेतला दिवस पुसायचा, वर्ष ठेवायचं.
गावाच्या जागी बेट, बेटाच्या जागी नुसतं 'उत्तर'.
सत्याहत्तर असेल तर 'सत्तरच्या पुढे'.
तपासणीच्या तारखा सगळ्या मिळून सरकवायच्या,
कुणाच्या अकरा दिवस मागे, कुणाच्या तीस,
पण मधलं अंतर तेवढंच ठेवायचं.
आजार अंतर मोजतो,
नाताळ होता की नव्हता, त्याला काय.

कोपनहेगनहून शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या,
गर्दीत लपवा प्रत्येकाला.
मी विचारलं, गर्दी कुठून आणू?
ज्या गावात माणसं बेचाळीस
तिथे 'डावखुरी' एवढं लिहिलं तरी
थेट तिच्या दारापर्यंत पायवाट.
त्या हसल्या. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मंगळवारी आली ती नोंद.
३०६१८२. स्त्री. सत्तरच्या पुढे.
शेवटच्या रकान्यात परिचारिकेनं
तिचेच शब्द जसेच्या तसे उतरवलेले :
'दम लागतो तो मांस वाळवायच्या खोपीपाशी, चढावर.
मी थांबले की मेंढ्याही थांबतात.
मुलगा होता तेव्हा पाठीला हात लावायचा.'

त्या मेंढ्या मला माहीत आहेत.
त्यातल्या एकीचा कान फाटलाय.

नियम सांगतो : ओळख पटली तर थांबा, कळवा,
नोंद दुसऱ्याच्या हाती द्या.
पटलेली ओळख कुठे जमा करायची
ते नियमात नाही.
मी कळवलं. मार्गुननं फाईल घेतली.
'ही तीन वाक्यं ठेवू का गं?'
मला विचारू नकोस, म्हणाले.
नातं काय, हा रकाना मी कोरा सोडला.
नंतर तिथे काय उरलं असेल, अंदाज आहे :
श्रमाने धाप. घरी आधार नाही.
खोटं नाही त्यात काही. अभ्यासाला पुरतं.

शनिवारच्या बोटीनं गावी गेले.
धक्क्यावर ती भेटलीच, लोकरीची पिशवी घेऊन.
'काय करतेस तिकडे दिवसभर?'
आकडे, म्हटलं.
'माझंही रक्त नेलंय. चार नळ्या. सही केली मी.
नाव कुठे दिसणार नाही म्हणाले.'
नाही दिसणार.
'दिसलं तरी काय,' ती म्हणाली, 'सगळे ओळखतातच.'
आणि जरा थांबून,
'पण दम लागतो ते माहीत नाही कुणाला.'

मग चढ आला.
माझा हात उचलला गेला होता,
तो तसाच खाली आणला.
बुटाची नाडी सुटल्यासारखं करून रस्त्यातच बसले
आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत
एकच गाठ बांधत राहिले, सोडत राहिले.
'मोठी झालीस तरी नाडी बांधता येईना,' ती म्हणाली.
नाही येत, म्हटलं.

आई म्हणायची, मोठी हो, नाव काढ.
रोज आठ ते चार तेच चाललंय गं,
तुला वाटलं होतं तसं नाही इतकंच.

आता वाचणाऱ्यासाठी :
गावात माणसं बेचाळीस नाहीत.
तो वार मंगळवार नव्हता.
कान फाटलेली मेंढी नाही, दुसरंच काही आहे,
लोकरीची पिशवीही मी बदलली आहे.
तिचं नाव लिहिता आलं असतं
तर ही कविता जरा बरी झाली असती.
मधलं अंतर तेवढं
होतं तेवढंच ठेवलंय.